अग्निवीर भरती: ग्राउंडच्या आधी कागद, आन कागदाच्या आधी हिशोब

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि बाहेर एक बाकडं. फेब्रुवारी-मार्च आला की त्या बाकड्यावर बसायला जागा राहत नाही, खेड्यापाड्यातली पोरं सकाळच्या पहिल्या एसटीनं येतात, पायात स्पोर्ट शूज आणि हातात कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेली कागदं. मी विचारतो, कशाचा फॉर्म? "मिलिट्रीचा." मग विचारतो, नोकरी किती वर्षांची आहे, माहीत आहे का? तर निम्मी पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

मी स्वतः या लाइनमधून गेलेलो आहे. कोरोनाच्या काळात माझं ग्राउंड, म्हणजे पळायची परीक्षा, झालं, मेडिकल झालं, लेखी तेवढी राहिली होती. ती लेखी पुढं ढकलली, परत ढकलली, आणि १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना, म्हणजे आता ज्यातून अग्निवीर घेतात ती, जाहीर झाली आणि जुनी सगळी भरतीच रद्द. त्या वर्षापुरती वयाची मर्यादा २३ केली होती म्हणून नव्यानं परत उतरलो, पण दीड वर्ष सराव सुटलेला, पळताना चौथ्या राउंडला शेवटच्या वळणावर होतो आणि जवानांनी पुढं दोरी धरली. दोरीच्या अलीकडं जो राहिला तो बाहेर. माझ्या छातीपासून हातभर अंतरावर होती ती दोरी. पुढच्या वर्षी धाकटा भाऊ लागला, बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला त्याचं ट्रेनिंग झालं. म्हणजे लागल्यावर काय होतं आणि न लागल्यावर काय होतं, हे दोन्ही आमच्या एकाच घरात बघितलंय. खाली जे लिहितोय ते त्याच्यातूनच.

१. सगळ्यात आधी घरी बसून चार वर्षांचा हिशोब मांडा

ही पायरी कुणीच करत नाही म्हणून पहिली टाकली.

अग्निवीर म्हणजे चार वर्षांची नोकरी, ट्रेनिंग धरून. चार वर्षांनी प्रत्येक बॅचमधले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात, बाकीचे घरी. म्हणजे चौघं एकत्र भरती झाले तर तिघं परत येणार, आणि तुम्ही त्या एकात आहात असं गृहीत धरून घराचं प्लॅनिंग करू नका. जे कायम होतात त्यांना पुढं किमान १५ वर्षं नोकरी असते.

पगार असा: पहिल्या वर्षी महिन्याला ३०,००० पण हातात २१,०००. दुसऱ्या वर्षी ३३,००० पैकी २३,१००. तिसऱ्या वर्षी ३६,५०० पैकी २५,५५०. चौथ्या वर्षी ४०,००० पैकी २८,०००. पोस्टिंग कुठं आहे त्यावर भत्ते वेगळे. कापलेले ३० टक्के सेवा निधीत जातात, सरकार तेवढेच घालतं, आणि चार वर्षांनी बाहेर पडताना व्याज धरून साधारण ११.७१ लाख मिळतात, त्याला टॅक्स नाही. जो कायम होतो त्याला सरकारचा वाटा मिळत नाही, त्याचे स्वतःचे कापलेले पैसे आणि त्यावरचं व्याज तेवढं मिळतं.

पेन्शन नाही. ग्रॅच्युइटी नाही. बाहेर पडल्यावर माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणजे कँटीन कार्ड आणि दवाखान्याची सोय पण नाही. गावात एखादे रिटायर सुभेदार काका असतात, त्यांची पेन्शन, कँटीनचा माल, बांधलेलं घर बघून आपण मिलिट्रीचं स्वप्न बघतो. काकांची नोकरी वेगळी होती आणि ही वेगळी आहे, एवढं डोक्यात पक्कं बसवा.

आता याचा अर्थ वाईट आहे असं मी म्हणत नाही. आमच्याकडं साडेतीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. पाऊस बरा झाला तर बियाणं-खत-फवारणी वजा करून वर्षाला जे उरतं ते मी इथं लिहीत नाही, वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या घरी तेवढंच उरत असेल. त्याच्यापुढं महिन्याला २१,००० हातात आणि खाणं-राहणं-कपडे सरकारचे, हे बारावी झालेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला दुसरं कोण देतं? कुणीच नाही. भाऊ लागला तेव्हा सोसायटीचं कर्ज फिटलं ते त्याच्याच पैशावर. फक्त माझं म्हणणं एवढंच की वयाच्या २२-२५ ला परत आल्यावर तुम्ही काय करणार, हे जायच्या आधी ठरवा. ११ लाख आले आणि त्यात बुलेट, बहिणीचं लग्न आणि बोअर झाली, तर हाती काय राहिलं?

आणि एक अवघड गोष्ट, ती पण घरी बोलायची असते. ही फौज आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनला ड्युटीवर गेलेला अग्निवीर आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्याचाच होता. प्रत्येक अग्निवीराचा ४८ लाखांचा विमा असतो, त्याचा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही, आणि ड्युटीमुळं मृत्यू आला तर ४४ लाखांची वेगळी मदत असते. पण कायम जवानाच्या घरच्यांना मिळते तशी फॅमिली पेन्शन नसते. आमच्या मायनं हे ऐकलं आणि दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भावासाठी शेंगदाण्याचे लाडू केले. तुमच्या घरी कसं होईल ते तुम्हाला माहीत, पण लपवून फॉर्म भरू नका.

मधेच सोडून येता येतं का, हे पण पोरं विचारतात. मनात आलं म्हणून नाही येत. अगदीच अपवादात्मक कारण असलं आणि वरच्यांनी परवानगी दिली तर, आणि तेव्हा पण सेवा निधीतला फक्त स्वतःचा वाटा मिळतो. चार वर्षांत लग्न पण करता येत नाही, भरतीच अविवाहित पोरांची असते. आपल्याकडं पोरगं लागलं की पाहुणे स्थळ घेऊन दारात हजर होतात, त्यांना चहा पाजून परत पाठवा.

२. तुमचं भरती ऑफिस कोणतं ते बघा

मराठवाड्यातली सगळी पोरं छत्रपती संभाजीनगरच्या ऑफिसखाली येतात असा समज आहे, तो चूक आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड हे जिल्हे तिथल्या ऑफिसखाली. बीड, लातूर आणि धाराशिव हे पुण्याच्या ऑफिसखाली. नातेवाईक दुसऱ्या जिल्ह्यात आहेत म्हणून तिथला फॉर्म भरला असं चालत नाही, अधिवास जिथला तिथूनच. अंबाजोगाईकडचं एक पोरगं परभणीत मामाकडं शिकायला होतं, त्यानं मामाच्या पत्त्यावर भरतो म्हणलं, मी नाही भरला. रागानं दुसऱ्या दुकानात गेलं. पुढं काय झालं ते मला कळलं नाही पण चांगलं झालं नसणार.

नोटिफिकेशन दर वर्षी नवीन निघतं आणि ते फक्त जॉइन इंडियन आर्मीच्या सरकारी साइटवरच बघायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी "मेगा भरती, ४०,००० जागा" वाली पीडीएफ वाचून आयुष्याचे निर्णय घेऊ नका. वयाची अट मूळ योजनेत साडेसतरा ते २१ अशी होती, पण ती मधे बदललेली आपण बघितलीच, म्हणून त्या त्या वर्षीच्या नोटिफिकेशनमध्ये "जन्म अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत" असं लिहिलेलं असतं त्यात आपली तारीख बसते का तेवढं बघा. एक दिवसानं जरी चुकली तरी चुकलीच.

३. कुठल्या पोस्टला भरायचं

जीडी, म्हणजे जनरल ड्युटी: दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३. इथं एक खोच आहे, एकूण ६० टक्के आहेत पण गणितात ग्रेस घेऊन काठावर पास, अशा मार्कशीट बाकड्यावर रोज येतात. विषयवार बघा.

टेक्निकल: बारावी सायन्स, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स-इंग्लिश, एकूण ५० आणि प्रत्येकात ४०. क्लार्क: बारावी कुठल्याही शाखेची, एकूण ६० आणि प्रत्येकात ५०. ट्रेड्समन: दहावी पास, काही ट्रेडला आठवी पण चालते.

उंची महाराष्ट्रातल्या पोरांना जीडीसाठी १६८ सेंटिमीटर, क्लार्कला १६२. छाती ७७ आणि फुगवून ५ ने वाढली पाहिजे. उंची घरी भिंतीला पाठ लावून, अनवाणी, डोक्यावर वही आडवी धरून मोजा. शूज घालून दुकानातल्या पट्टीवर मोजलेली उंची तिकडं एक-दीड सेंटिमीटरनं कमीच भरते.

मुलींसाठी मिलिटरी पोलीसमध्ये भरती असते, उंची १६२. मुली फार कमी येतात आमच्याकडं फॉर्म भरायला, आणि ज्या येतात त्यांची कागदं मुलांपेक्षा नीट असतात, हे आपलं निरीक्षण.

आणि ज्यांची लेकरं अजून दहावीला आहेत त्यांच्यासाठी: संभाजीनगरला सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे, १९७७ पासूनची, राज्य सरकारची. दहावीनंतर परीक्षा आणि मुलाखत घेऊन पोरं निवडतात, अकरावी-बारावी करत करत एनडीएची तयारी करून घेतात. तिथून ऑफिसर होता येतं. हे आम्हाला त्या वयात कुणीच सांगितलं नाही, आमच्या शाळेतल्या सरांनासुद्धा माहीत होतं का नाही देव जाणे.

४. कागदं (इथंच सगळ्यात जास्त पोरं पडतात)

पळण्यात जो पडतो त्याला निदान समाधान असतं की जोर कमी पडला. कागदावर जो पडतो तो आयुष्यभर तळतळतो.

पहिलं, दहावीचं बोर्ड सर्टिफिकेट. फौजेत तुमचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, सगळं दहावीच्या सर्टिफिकेटवर असेल तेच. आता आपल्या बोर्डाची पद्धत आडनाव आधी, आणि आधारवर नाव आधी आडनाव शेवटी. तेवढ्यानं बिघडत नाही, पण स्पेलिंगनं बिघडतं. एका ठिकाणी ज्ञानेश्वर डी-एन-वाय नं आणि दुसरीकडं जी-वाय नं. बापाचं नाव एकीकडं नुसतं बाबू आणि दुसरीकडं बाबुराव. आई एका ठिकाणी सखुबाई, दुसरीकडं सखू. आधार सुधारून घ्या, दहावीचं सर्टिफिकेट सुधारायला लै वेळ जातो. आणि हे फॉर्म सुटायच्या तीन-चार महिने आधी करा, शेवटच्या आठवड्यात आधार सेंटरच्या बाहेर जी लाइन लागते ती बघून मलाच घाम फुटतो.

दुसरं, आधारचं बायोमेट्रिक. वयाच्या १५ व्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळे परत अपडेट करायचे असतात, कुणी करत नाही. पाचवीत असताना दिलेले ठसे आता जुळतील कसे? त्यात आपली पोरं दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, कोयता धरून धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या. माझ्या मशीनवर एका पोराचं दहापैकी एक बोट लागलं होतं. अपडेट करून आला, मग लागलं. मोबाइल नंबर पण आधारला लिंक पाहिजे आणि तो नंबर चालू पाहिजे, रिचार्ज संपलं म्हणून बंद पडलेलं सिम नको.

आता यादी. ही मूळ प्रत आणि झेरॉक्सचे दोन-तीन सेट, अशी एका फाइलमध्ये लावून ठेवा:

- दहावी-बारावीची मार्कशीट आणि बोर्ड सर्टिफिकेट, मूळ
- आधार, पॅन कार्ड, बँक पासबुक
- वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र, तहसीलचं (सेतूमधून काढायचं)
- जातीचा दाखला. फौजेत भरतीला जातीचं आरक्षण नसतं तरी कागद मागतात
- शाळेचं कॅरेक्टर सर्टिफिकेट
- सरपंचाचं कॅरेक्टर सर्टिफिकेट, फोटो चिकटवून त्यावर शिक्का, सहा महिन्यांच्या आतलं
- अविवाहित असल्याचा दाखला, तो पण फोटोसहित आणि सहा महिन्यांच्या आतला
- पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र
- नोटरी केलेलं अ‍ॅफिडेव्हिट, नोटिफिकेशनमध्ये जो नमुना दिलाय अगदी तसंच
- एनसीसी, खेळाचं सर्टिफिकेट असेल तर. बाप किंवा भाऊ फौजेत असेल तर त्याच्या रेकॉर्ड ऑफिसचं नात्याचं सर्टिफिकेट
- पासपोर्ट फोटो २०, पांढरा बॅकग्राउंड, तीन महिन्यांच्या आतले, दाढी-केस नीट. मोबाइलवर ब्युटी फिल्टर लावून काढलेला फोटो आणू नका रे बाबांनो

सरपंचाच्या दाखल्याचं एक सांगतो. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर ग्रामसेवक आपल्या मनानं मराठीत चार ओळी लिहून देतात, "सदरील इसम माझ्या ओळखीचा असून" वगैरे. ते नको. नोटिफिकेशनला नमुना जोडलेला असतो, त्याची प्रिंट काढून न्या आणि त्याच्यावरच सही-शिक्का घ्या. सरपंच मुंबईला गेलेत, शिक्का ऑपरेटरच्या घरी आहे, ग्रामसेवक मंगळवारीच येतात, हे सगळं होणार हे धरून चाला. माझ्या भावाचा पहिला दाखला फोटोवर शिक्का अर्धा आला नाही म्हणून परत करावा लागला, नशीब रॅलीच्या, म्हणजे ग्राउंड-मेडिकलला बोलावतात त्याच्या, आधी लक्षात आलं.

गावात भांडणाची एखादी केस असेल तर ती लपवू नका. नंतर पोलीस व्हेरिफिकेशन होतंच. बांधावरून झालेल्या मारामारीत चुलत्यानं सगळ्या घरादाराची नावं टाकलेली असतात, त्यात सतरा वर्षांचं पोरगं पण. अशा वेळी वकिलाला विचारा, आपल्या मनानं कोरं सोडू नका.

५. फॉर्म भरताना

दुकानदार असून सांगतो, दुकानदाराचा मोबाइल नंबर आणि दुकानदाराचा ईमेल टाकू देऊ नका. सीझनला गर्दी असते, पटापट उरकायचं म्हणून काही जण सगळ्या पोरांना एकच मेल टाकतात. मग हॉलतिकीट येतं दुकानदाराच्या मेलवर, आणि दुकानदार गेलेला पंढरपूरला. स्वतःचा ईमेल काढा, पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहा, मोबाइलमध्ये नको, मोबाइल फुटतो.

फी २५० रुपये, ती ऑनलाइन भरायची. बाकी दुकानदार जे घेईल ती त्याची मजुरी, ती आधी विचारून घ्या. सबमिट झाल्यावर प्रिंट काढून आपण स्वतः प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचायची. मी पोरांना मोठ्यानं वाचायला लावतो. हसतात, पण दर दहा-पंधरा फॉर्ममागं एक तरी चूक सापडतेच.

६. लेखी

२०२३ पासून क्रम उलटा झालाय, आधी ऑनलाइन परीक्षा, पास झालात तरच रॅलीला बोलावणं. आमच्या वेळी उलट होतं, म्हणून गावातले जुने लोक अजून "आधी पळ, पुस्तक नंतर" असंच सांगतात. त्यांचं ऐकाल तर ग्राउंड बघायलाच मिळणार नाही.

जीडीला एक तास, ५० प्रश्न, १०० मार्क. चुकलं की अर्धा मार्क कापतात, म्हणून शेवटच्या मिनिटाला अंदाजपंचे टिक मारत बसू नका. जीके, सायन्स, गणित, थोडं रिझनिंग, सगळं दहावीपर्यंतचं. आता मराठीतून पण पेपर देता येतो. तरी सरावाच्या वेळी प्रश्न हिंदीतून पण वाचत जा, पुढं ट्रेनिंगला सगळा कारभार हिंदीतच आहे.

ज्यानं आयुष्यात माउस धरला नाही त्यानं आधी कुठल्यातरी कॉम्प्युटरवर दोन-चार मॉक टेस्ट द्या. माझ्या दुकानात दुपारी एक कॉम्प्युटर रिकामा असतो, गावातली पोरं येऊन बसतात. तुमच्याकडं पण असं कुणी असेल.

७. ग्राउंड

१.६ किलोमीटर. साडेपाच मिनिटांत आलात तर ६० पैकी ६० मार्क, ५:३१ ते ५:४५ मध्ये आलात तर ४८. त्याच्यापुढचे गट कितीपर्यंत धरतात ते त्या वर्षीचं नोटिफिकेशन सांगेल, पण मेरिट लागतं ते पहिल्या गटावर, तेव्हा डोक्यात साडेपाचच ठेवा. ४०० मीटरच्या ट्रॅकचे चार राउंड, म्हणजे एक राउंड साधारण ८२ सेकंदात. बीम, म्हणजे पुलअप्स: १० मारले तर ४० मार्क, ६ च्या खाली गेलात तर संपलं. नऊ फुटांचा खड्डा उडी मारून पार करायचा आणि झिगझॅग बॅलन्स, म्हणजे वाकड्यातिकड्या अरुंद पट्टीवरून तोल सांभाळत जायचं, याला मार्क नाहीत पण जमलं पाहिजे.

पहिल्या राउंडला जी ढकलाढकली होते तिची कल्पना घरी येत नाही. एका बॅचमध्ये इतकी पोरं सोडतात की पहिले शंभर मीटर कोपरानंच पळावं लागतं. कुणाचा तरी पाय अडकून पाच-सात जण पडतातच. बाहेरच्या बाजूनं निघा, पहिला राउंड किंचित हळू गेला तरी चालेल, दुसऱ्या-तिसऱ्यात भरून काढा. मी काय केलं होतं तर पहिला राउंड ७० सेकंदात मारला, जोशात, आणि तिसऱ्याला पोटात कळ आली. बाकी दोरीची गोष्ट वर सांगितलीच.

सराव कुठं करायचा हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. पहाटे हायवेवर पळू नका. अंधारात उसाच्या ट्रॅक्टरला लाइट नसते आणि ट्रॅव्हल्सवाले झोपेत असतात, पळणारी पोरं उडवल्याच्या बातम्या दर सीझनला येतात. डांबरी रोडवर रोज पळून नडग्या दुखायला लागतात ते वेगळंच. शाळेचं मैदान, तलावाची पाळ, काढणी झालेलं रान, यापैकी काही बघा. पावसाळ्यात काळ्या रानात तर पाय ठेवता येत नाही, बुटाला दोन-दोन किलो चिखल, तेव्हा मुरमाड जागा शोधा. उन्हाळ्यात सहाच्या आत उरकून घ्या. रोज पूर्ण जोर लावून १६०० पळू नका, आठवड्यात दोन दिवस जोरात, दोन दिवस लांब आणि हळू, बाकी बीम आणि आराम. बीमला कडुलिंबाची फांदी चालते, पण खरा पाइप जाड असतो, हात घसरतो, म्हणून कधीतरी पाइपवर पण करा.

खाण्याचं फार काही नाही. भाकरी, डाळ, मोड आलेली मटकी, शेंगदाणे-गूळ, जमलं तर अंडी. डबेवाल्या पावडरी नकोत. आणि पळायच्या आधी कुणी गोळी-इंजेक्शन देत असेल तर घेऊ नका, तपासतात, सापडलं तर बाहेर काढतात, आणि छातीत काही झालं तर रात्रीच्या गर्दीत कोण कुणाला उचलणार.

रॅलीला बहुतेक वेळा मध्यरात्रीच आत घ्यायला सुरुवात होते. आदल्या दिवशी दुपारपर्यंत गावात पोचा, झोप काढा. सोबत फाइल, पाणी, केळी, पांघरायला काहीतरी. आणि स्मार्टफोन चार्ज केलेला, डेटा असलेला. आता अ‍ॅडॅप्टॅबिलिटी टेस्ट म्हणून एक मानसशास्त्राची टेस्ट असते, ती मोबाइलवर द्यावी लागते. भावाच्या पुढच्या बॅचच्या एका पोराचा फोन ऐन वेळी चार टक्क्यांवर होता, शेजारच्यानं पॉवरबँक दिली म्हणून निभावलं.

८. मेडिकल

घरीच आधी चार गोष्टी बघून घ्या, पैसे लागत नाहीत.

पाय ओला करून शहाबादी फरशीवर ठेवा. मधली कमान कोरडी राहिली तर ठीक, पूर्ण तळव्याचा ठसा उठला तर सपाट पाय असू शकतो. आरशासमोर सरळ उभं राहून घोटे जुळवा, गुडघे एकमेकांना घासतायत का बघा. हात सरळ खाली सोडून कोपरातून बाहेर जास्त वाकडा जातोय का बघा. कान साफ करून घ्या, डॉक्टरकडूनच, किल्लीनं नको. मळामुळं तात्पुरता अनफिट झालेली पोरं मी बघितलीत.

डोळे चष्म्याशिवाय नीट पाहिजेत आणि रंग ओळखता आले पाहिजेत. दातांचे गुण मोजतात, १४ लागतात. गुटखा, खर्रा खाऊन तोंड कमी उघडत असेल तर आजच बंद करा, आजच म्हणजे हा परिच्छेद वाचून झाल्यावर. हायड्रोसील (अंडाला पाणी साठून सूज), व्हेरिकोसील (तिथल्या शिरा फुगणं), मूळव्याध यातलं काही असेल तर लाजू नका, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात आधी दाखवा. ऑपरेशन करायचं तर बरं व्हायला महिने लागतात, रॅलीच्या आधी पंधरा दिवस नाही होत. टॅटू हाताच्या आतल्या बाजूला, कोपर ते मनगट, किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. छातीवर, दंडावर वाघ गोंदवलेला असेल तर अवघड आहे. जत्रेत शंभर रुपयांत गोंदवून घेतात आणि मग माझ्याकडं येऊन विचारतात की लेझरला किती खर्च येतो.

अनफिट काढलं तरी तिथंच रडत निघून येऊ नका. अपील करायला चिठ्ठी देतात, त्यावर कुठल्या मिलिटरी हॉस्पिटलला कधीपर्यंत जायचं ते लिहिलेलं असतं. ती तारीख पाळा. तिथं स्पेशालिस्ट परत बघतो आणि फिट होऊन आलेली पोरं आहेत.

९. दलाल आणि अकॅडमी

दलालाची युक्ती साधी असते. दहा पोरांकडून पैसे आणि मूळ कागदं घेतो. काहीच करत नाही. दहातली दोन-तीन आपल्या पायावर लागतात, त्यांचे पैसे याचे. बाकीच्यांना "वरून झालं नाही" म्हणून अर्धे परत. आमच्या शेजारच्या गावात एका बापानं बैलजोडी विकून पैसे दिले होते. पोरगं आपल्या जोरावर लागलं असतं, पण मूळ सर्टिफिकेट दलालाकडं अडकलं आणि रॅलीच्या दिवशी तो फोन उचलेना. मूळ कागद कुणालाच द्यायचा नाही, मला पण नाही.

अकॅडमीचं असं, काही चांगल्या आहेत, शिस्त लागते, सोबत मिळते. पण बोर्डावर ज्या पोरांचे फोटो आहेत त्यातल्या एकाशी फोनवर बोलून बघा, तो खरंच तिथं होता का ते कळेल. वर्षभराची फी एकदम भरू नका.

१०. लागल्यावर, आणि न लागल्यावर

लागलात तर सहा-सात महिने ट्रेनिंग. पहिला महिना प्रत्येकाला घरची आठवण येते, भाऊ आठव्या दिवशी फोनवर नुसता "बरं आहे" एवढंच म्हणाला आणि पुढं बोलता येईना, मी पण फोन धरून गप्प. दोन महिन्यांनी आवाजच बदलला होता. वर्षाला ३० दिवस सुट्टी. तिथं असतानाच शिक्षण चालू ठेवा: दहावीवाल्यांसाठी एनआयओएसमधून (केंद्राची मुक्त शाळा) बारावी आणि इग्नूतून (मुक्त विद्यापीठ) डिग्रीची सोय ठेवलेली आहे, चार वर्षांनी बाहेर पडताना हातात डिग्री असेल तर पोलीस, तलाठी, काहीही भरता येतं. केंद्राच्या निमलष्करी दलांमध्ये माजी अग्निवीरांना १० टक्के राखीव जागा २०२२ मध्येच जाहीर केल्या होत्या, पुढं त्यात काय बदल होतायत ते बघत राहा.

नाही लागलात तर दुसरे फॉर्म भरून ठेवलेले पाहिजेत, हे मी प्रत्येकाला त्याच दिवशी सांगतो. राज्य पोलीस भरतीत पण १६०० मीटर आहेच, त्याच्या जोडीला १०० मीटर आणि गोळाफेक. एसएससी जीडीतून (इथं एसएससी म्हणजे दहावी नाही, केंद्राचं स्टाफ सिलेक्शन कमिशन) बीएसएफ, सीआरपीएफ लागतं, ती कायम नोकरी आहे, तिथं ५ किलोमीटर २४ मिनिटांत. एकाच सरावावर तिन्ही होतात. पण कॉलेज सोडून नुसतं ग्राउंड करत बसू नका, मी दोन वर्षं बसलो होतो.

दुकान सकाळी नऊला उघडतो. दहावीचं मूळ सर्टिफिकेट घेऊन या, झेरॉक्स नको.